भिंतीतली वायर

रेंजकाकांना कुणी घरी बोलावलं, की ते आल्याआल्या राउटर कुठे आहे हे विचारत नसत. चपला दाराशी काढून ते सरळ भिंती वाजवायला लागत. मधल्या बोटाचं पेर भिंतीवर आपटत, कान देत घरभर फिरत. ही विटेची, ही काँक्रीटची, हिच्या पोटात पाण्याचा पाइप आहे, इथे आरशाचं कपाट, तिथे माशांची टाकी. घरातली माणसं त्यांच्या मागोमाग हिंडत आणि घर विकत घ्यायला कुणी आलंय की काय अशा तोंडानं एकमेकांकडे बघत. फेरी पुरी झाली की काका पहिला प्रश्न विचारत, "तुम्ही बसता कुठे?" लोक कंपनीचं नाव, महिन्याचा प्लॅन, राउटरचं मॉडेल असं सगळं पाठ करून बसलेले असत. आपण आपल्याच घरात कुठे बसतो हे मात्र त्यांना आठवून सांगावं लागे.

राउटर मग सापडे तो भलत्याच ठिकाणी. टीव्हीच्या मागे, चपलांच्या कपाटात, फुलदाणीच्या आड. एका घरी तर तो धान्याच्या डब्यांमागे होता आणि वरून फडकं घातलेलं. दिसायला बरा दिसत नाही, हे सगळ्यांचं एकच कारण. दिवा कपाटात ठेवून खोलीत उजेड मागता होय, असं काका म्हणत आणि तो उचलून घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर ठेवत. निम्म्या घरांतलं दुखणं तिथेच संपे. उरलेल्यांना नवा घ्यायचा असे आणि तो आठ अँटेनांचाच घ्यायचा असे. शिंगं मोजून राउटर घेऊ नये, हे काका त्यांना शांतपणे समजावत. ह्यात दोन तऱ्हेच्या लहरी असतात, एक हळू चालते पण लांब जाते, दुसरी पळते पण दुसऱ्या भिंतीपाशी तिला धाप लागते. तेव्हा शिंगं नका मोजू, भिंती मोजा. गिऱ्हाईक मोठा घ्यायला यायचं आणि धाकटा घेऊन जायचं. मग शेजारच्या स्टुलावरचा घड्याळजी डोळ्यावरचं भिंग काढून काकांकडे नुसता बघायचा.

दुकान घड्याळजीचंच होतं. काचेच्या काउंटरचा अर्धा भाग त्यानं काकांना दिला होता, कारण मनगटावर घड्याळ बांधणारी माणसं कमी झाली होती आणि दिवसभर बोलायला कुणीतरी हवं होतं. एका अर्ध्यात थांबलेली घड्याळं, दुसऱ्या अर्ध्यात जळके राउटर. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दुकान दुरुस्तीचं वाटे की भंगाराचं, हे त्याच्या स्वभावावर अवलंबून होतं.

त्याआधी एकतीस वर्षं काका टेलिफोन खात्यात जॉइंटर होते. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरायचं, मनगटाएवढ्या केबलमधल्या शेकडो बारीक तारा रंगानं ओळखायच्या, एकेक जोडी पिळून जोडायची, वर चिकटपट्टी गुंडाळायची आणि वर यायचं. खात्यात साहेब लोक बरेच होऊन गेले, त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. पण काकांच्या हातचा जोड सुटलाय, असं एकतीस वर्षांत कुणाला म्हणता आलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतः सांगत नसत. दुसऱ्यानं सांगितली तर मात्र अडवतही नसत. पुढे घरोघरचे फोन गेले, खात्यानं माणसांना घरी बसवलं. काकांच्या बरोबरीचे लोक ओट्यावर बसून सरकारला शिव्या द्यायला लागले. काकांना त्यांच्या मुलानं राउटर शिकवला. तारेतलं बोलणं आता हवेतून जातं एवढंच, बाकी सगळं तुमचंच आहे बाबा, असं तो म्हणाला होता.

मुलगा चार वर्षांपूर्वी गेला. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला आणि अकराव्या दिवशी रिकाम्या हातांनी परत आले. काकांची बायको त्याच्याही आधी गेली होती. घरात उरले काका, सून आणि तीन वर्षांची नात. सून आता माहेरी नाहीतर दुसऱ्या गावच्या थोरल्या बहिणीकडे जाईल, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. बहीण न्यायलाही आली होती. त्या दिवशी भांडी घासताना, मान वर न करता सून म्हणाली, "मी इथेच राहणार आहे, बाबा. तुम्ही पुन्हा विचारू नका." काकांनी पुन्हा विचारलं नाही. पण गेली चार वर्षं ते त्या एका वाक्याच्या आधारावर उभे होते, ह्यात काही खोटं नाही.

सुनेनं घरून करायचं काम धरलं. एका मोठ्या हॉस्पिटलात फोन करून डॉक्टरांची वेळ मागणाऱ्या लोकांशी बोलायचं, कॉम्प्युटरवर वेळ नोंदवायची, घाबरलेल्याला धीर द्यायचा. दुपारी बारा ते रात्री आठ. मागची खोली तिला दिली. ती खोली स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या पलीकडे, म्हणजे राउटरच्या लहरींची स्मशानभूमीच. पण तिथपर्यंत भिंतीतून वायर गेलेली होती. मुलगा शाळेत असताना त्याच्या अभ्यासाच्या कॉम्प्युटरसाठी काकांनी ती स्वतः टाकली होती. भिंत फोडली, वायर घातली, भिंत बुजवली, रंग दिला. कुठून गेलीय ते बोट ठेवून सांगता आलं नसतं. सुनेचा कॉम्प्युटर त्याच वायरीवर चालायला लागला आणि तीन वर्षं सुखानं चालला.

मग उन्हं तापायला लागली आणि कॉल तुटायला लागले.

पलीकडची बाई आपल्या नवऱ्याच्या छातीत कळ आलीय हे सांगत असायची आणि मध्येच आवाज जायचा. मिनिटाभरात लाइन परत यायची, पण तोवर बाईनं फोन आपटलेला असायचा. ऑफिसच्या यादीत अशा प्रत्येक कॉलपुढे सुनेच्या नावावर लाल खूण पडायची. पहिल्या महिन्यात वरिष्ठ बाईंनी गोडीत विचारलं. दुसऱ्या महिन्यात तेवढी गोडी नव्हती. तिसऱ्या महिन्यातही असंच राहिलं तर काम बंद, असं पत्र आलं. काम बंद झालं तर थोरल्या बहिणीच्या गावी जाण्यावाचून सुनेला इलाज नव्हता, तिथे बहिणीच्या ओळखीनं काहीतरी मिळालं असतं. हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. पण त्या पत्रानंतर काकांना भात गिळताना पाणी लागायला लागलं.

आता खरं म्हणजे ह्या बाबतीत काळजीचं कारण नव्हतं. ज्याच्याकडे सगळा गाव राउटर घेऊन येतो त्याच्याच घरात बिघाड, म्हणजे डॉक्टरच्या घरात सर्दी. दोन दिवसांत जायला हवी. काकांनी रीतसर सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम. आधी राउटर बदलला. चार दिवस वाट पाहिली. मग त्याला वीज देणारा अडॅप्टर बदलला. मग कॉम्प्युटरच्या पाठीमागची छोटी वायर. मग आजूबाजूच्या घरांचे चौदा राउटर कुठल्या चॅनेलवर बोलतात ते पाहून आपला वेगळ्या चॅनेलवर नेला, ज्याचा मागच्या खोलीशी काडीचा संबंध नव्हता. भिंतीतल्या वायरीला टेस्टर लावला. आठ तारांचे आठ हिरवे दिवे ओळीनं लागले. हे त्यांनी सकाळी केलं, दुकानात जायच्या आधी, थंड वेळेला. आठ दिवे लागले म्हटल्यावर वायर धडधाकट, असं म्हणून त्यांनी टेस्टर पिशवीत टाकला.

नातीला काका इन्स्पेक्टर म्हणत, कारण ती उत्तर मिळेपर्यंत प्रश्न सोडायची नाही. नुकतंच घड्याळ वाचायला शिकली होती. शाळेतून आली की ती आईच्या दाराशी पाटी घेऊन बसे आणि लाइन तुटली की वेळ लिहून ठेवी. दोन वाजून चाळीस. तीन वाजून पाच. तीन वाजून बावीस. सव्वाचार. काका संध्याकाळी आले की पाटी त्यांच्यापुढे ठेवी. सगळ्या वेळा दुपारच्या आहेत हे काकांना दिसत होतं, दिसायला काही आंधळे नव्हते. त्यांनी अर्थ लावला तो असा की दुपारी पोरं शाळांतून घरी येतात, गावभर मोबाइल चालू होतात, कंपनीच्या लाइनवर भार येतो. म्हणजे दोष कंपनीचा.

कंपनीचा माणूस बोलावला. तो दोनदा सकाळी येऊन गेला. त्यानं दारातल्या डबीपर्यंत सगळं मोजलं, आकडे काकांना दाखवले आणि अदबीनं म्हणाला, "इथपर्यंत स्वच्छ आहे, काका. आतली वायर एकदा बघून घ्या." त्या पोरानं काही वावगं म्हटलं नव्हतं. काका स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत, आधी तार बघा, मग हवेला नावं ठेवा. पण ते ऐकून काका भडकले. माझ्या वायरीला हात लावू नकोस, तू रांगत होतास तेव्हा मी ह्या गावाला बोलतं ठेवलंय, असं बरंच काही ते बोलले. कंपनीच्या माणसानं सही घेतली आणि गेला.

सुनेनं एकदा सुचवून पाहिलं, की आठ दिवस एक वायर जमिनीवरून नुसती सोडली तर कळेल तरी. काकांनी ते हसण्यावारी नेलं. रेंजकाकांच्या घरात पायात वायरी लोंबतात हे गावात कळलं, तर उद्या दुकानात कोण येईल? तिनं तो विषय सोडला. सासऱ्याच्या हातच्या कामावर तिचा काकांहूनही जास्त विश्वास होता.

महिना संपत आला तेव्हा ऑफिसनं तिच्याकडे लेखी खुलासा मागितला. कॉल तुटतात ह्यात तिची चूक आहे की आणखी कशाची? काका म्हणाले, हे माझ्यावर सोड. घड्याळजीच्या दुकानात बसून, तीन कागद फाडून, त्यांनी चौथ्यावर लिहिलं, की सदर भागातील लाइन मुळातच सदोष असून, दुपारच्या वेळी ती वारंवार खंडित होते. घरातील सर्व यंत्रे व वायरी आम्ही स्वतः तपासल्या असून त्यांत कोणताही दोष नाही. सदर दोष नजीकच्या काळात दूर होण्याची शक्यता नाही. खाली सही, एकतीस वर्षांचा अनुभव, दुकानाचा शिक्का. शेवटचं वाक्य कशाला, असं घड्याळजीनं विचारलं. काका म्हणाले, पोरीवर बोट येऊ नये म्हणून. दोष कुणालाच काढता येत नाही म्हटलं की तिला कोण बोलणार? खरंच त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं.

कागद गेला. त्याच आठवड्यात सून दोन दिवसांची रजा घेऊन नातीसह थोरल्या बहिणीकडे गेली. त्या दुपारी बाजारातली वीज गेली, तेव्हा काका दुकान टाकून घरी आले. इतक्या महिन्यांत भर दुपारी ते पहिल्यांदाच घरात होते. मोकळं घर खायला उठलं म्हणून ते सुनेच्या खोलीत जाऊन तिच्या खुर्चीवर बसले, कॉम्प्युटर चालू केला. तीन वाजता लाइन तुटली. त्यांनी सहज पश्चिमेच्या भिंतीला हात टेकला आणि भिंत तापलेली होती. तव्यासारखी नव्हे, पण हात ठेवून बसता येणार नाही एवढी. त्यांचा तळवा थोडा सरकला, प्लास्टर किंचित दबलं आणि कॉम्प्युटरच्या पाठीमागे वायरीच्या टोकाशी विझलेला दिवा लागला. हात काढला, दिवा विझला.

त्यांनी हात पुन्हा ठेवून पाहिला, दिवा पुन्हा लागला. मग त्यांना आठवलं. आठवलं म्हणजे विसरले होते असं नाही. अठरा वर्षांपूर्वी ही वायर टाकताना ती हातभर कमी पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा कॉम्प्युटर चालू करून द्यायचा, असं त्याला कबूल केलेलं, वायरीचं दुकान बंद झालेलं, पिशवीत एक तुकडा पडलेला. जॉइंटर माणूस काय करणार? आठही तारा पिळून जोडल्या, चिकटपट्टी गुंडाळली आणि वर प्लास्टर मारलं. दुसऱ्या कुणाच्या घरी असा जोड सापडला असता, तर त्यांनी त्या माणसाची सालटी काढली असती. बोलण्याची तार पिळून चालते, ह्या वायरीत जोड चालत नाही, हे ते दुकानात दिवसातून दोनदा सांगत. पण आपल्या हातच्या जोडाला ते जोड मानतच नव्हते.

छिन्नीच्या चार घावांत तो बाहेर आला. चिकटपट्टी वाळून कडक झाली होती, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. थंड असताना तारा कशाबशा एकमेकींना धरून होत्या, भिंत तापली की सुटत होत्या. काका मांडीवर तो तुकडा घेऊन जमिनीवर बसले. त्यांना रडू आलं नाही, लाज वाटली, इतकी की रिकाम्या घरातही त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी अखंड वायर आणली, जुनी ओढून काढली, भिंत भरली, घासली, रंग शोधून आणून लावला. काम असं झालं की पूर्वीसारखंच, बोट ठेवून सांगता येऊ नये. जुनी वायर जोडासकट दुकानाच्या भंगारात टाकली आणि ते भंगार त्याच दिवशी गेलं. घड्याळजीला मात्र सांगितलं. तो म्हणाला, सुनेला सांगून टाक, कागद परत मागव, अजून वेळ आहे. काका हो म्हणाले. संध्याकाळी सून आली, दुसऱ्या दिवशी कामाला बसली, दुपार अख्खी गेली आणि लाइन एकदाही तुटली नाही. ती आनंदून म्हणाली, की कंपनीनं काहीतरी केलेलं दिसतंय. काकांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, असेल. एवढा एकच शब्द. त्यांना वाटलं, आता तर सगळं ठीक झालं, मग उगाच आपल्या हातानं आपल्या तोंडाला काळं कशाला फासायचं?

पंधरा दिवस घर पूर्वीसारखं झालं. काकांना जेवण जायला लागलं. इन्स्पेक्टरनं पाटीवर चित्रं काढायला सुरुवात केली. आणि सोळाव्या दिवशी ऑफिसचं पत्र आलं. आपल्या खुलाशावरून, आणि सोबतच्या अनुभवी तज्ज्ञाच्या दाखल्यावरून, आपली चूक नाही हे आम्हाला मान्य आहे. आपलं काम चांगलं आहे. मात्र ज्या भागातली लाइन मुळातच सदोष आहे आणि सुधारण्याची शक्यता नाही, त्या पत्त्यावरून यापुढे काम करता येणार नाही. वीस दिवसांत चांगल्या लाइनचा दुसरा पत्ता कळवावा, अन्यथा करार संपेल.

सुनेनं पत्र दोनदा वाचलं. मग घडी घालून म्हणाली, की बहिणीच्या घरी माडीवरची खोली रिकामी आहे, ती बघून आले होते तेव्हाच बहीण म्हणाली होती, लागली तर घे.

त्या संध्याकाळी काका तिच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत जायला त्यांना धीर होत नव्हता. ती कॉम्प्युटर बंद करून वळली.

"लाइन खराब नव्हती," काका म्हणाले. "माझ्या वायरीत जोड होता. मीच दिलेला. तू बहिणीकडे गेलीस तेव्हा काढला मी तो. म्हणून आता तुटत नाही."

तिनं उठून त्यांना खुर्चीवर बसवलं.

"कुठे होता जोड?"

काकांनी भिंत दाखवली. तिथे भिंत होती, नुसती भिंत. सुनेनं तिच्यावरून हात फिरवला.

"बाबा, मला थांबवायला तुम्ही स्वतःवर आळ घेऊ नका," ती म्हणाली. "तुमच्या हातचं काम कधी बिघडलेलं मी पाहिलं नाही. हेही शेवटपर्यंत असंच म्हणायचे."

काका म्हणाले, मी खरं सांगतोय, घड्याळजीला विचार. ती म्हणाली, घड्याळजीकाका तुमच्यासाठी काहीही सांगतील. ते म्हणाले, मी ऑफिसला दुसरा कागद लिहून देतो, पहिला चुकला म्हणून. ह्यावर ती हळू आवाजात म्हणाली, की पहिला खोटा म्हटला तर खोटा दाखला दिला म्हणून ते आजच काढून टाकतील, आणि दुसरा खोटा वाटला तरी तेच. शिवाय लाइन आज चालतेय, पुढच्या उन्हाळ्यात काय? तुम्हीच तर लिहिलंत, सुधारणार नाही म्हणून. तुमच्यापेक्षा ह्यातलं जास्त कुणाला कळतं?

सत्तरीकडे झुकलेला माणूस आपल्या नावाची अब्रू आपल्या हातानं उतरवून द्यायला आला होता आणि ती घ्यायला कुणी तयार नव्हतं. सून पुढे जे म्हणाली ते तिनं मायेनंच म्हटलं.

"तिकडच्या खोलीतली वायर मात्र तुम्हीच टाकून द्या. मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही."

त्यांनी टाकून दिली. नाही कसं म्हणणार? वायरचं अख्खं बंडल खांद्याला लावून ते दुसऱ्या गावी गेले. बहिणीच्या घराच्या भिंती वाजवून पाहिल्या. खालचा राउटर मध्यावर, उंचावर आणला. खालून माडीपर्यंत एकसंध वायर नेली, कोपऱ्यात वळण मोठं ठेवलं की तिला ताण येऊ नये, उन्हाची भिंत टाळली आणि सावलीच्या बाजूनं लांबून फिरवून आणली. टेस्टर सकाळी लावला, दुपारी लावला, उन्हं उतरल्यावर पुन्हा लावला. एकतीस वर्षांत इतकं निर्दोष काम आपण केलं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. मध्येच एकदा, जिन्याखाली एकटे असताना, वायरीचं टोक हातात धरून ते थांबले. वायर अडकवायला ठोकतात त्या खिळ्याचा एक फटका वायरीवर बसला, तर वर्षाभरात ही लाइन दगा देईल, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तो विचार मनात आला ह्याचीच त्यांना इतकी शरम वाटली की त्यांनी त्या जागी आणखी एक पाइप चढवला.

नातीनं नव्या खोलीत सगळ्या भिंती बोटानं वाजवून पाहिल्या आणि हिच्या पोटात काय आहे असं विचारलं. काही नाही, विटा आहेत, असं काका म्हणाले. निघताना सुनेनं डब्यात चपाती-भाजी दिली, वाकून नमस्कार केला आणि सुट्टीत येऊ म्हणाली. काका बसमध्ये खिडकीशी बसले. डबा त्यांनी उघडला नाही.

आता ते दुकानात उशिरा येतात आणि लवकर जातात. गिऱ्हाइकाच्या घरी गेले की राउटर बघतात, काय ते सांगतात आणि निघतात. कुणी म्हणालं, काका, तुमच्या हातचं काम म्हणजे बघायला नको, की पूर्वी ते गप्प बसायचे; आता म्हणतात, माझं काम खराब आहे, दुसऱ्याला दाखवा. लोक हसतात. एवढा मोठा माणूस पण गर्व नाही, असं म्हणून आणखी चार लोकांना त्यांचं नाव सुचवतात. घड्याळजीला हे ऐकवत नाही, तो तेवढ्यापुरता मान खाली घालून कुठल्यातरी घड्याळात शिरतो.

मागच्या खोलीतली लाइन उत्तम चालते. काका कधी दुपारी घरी गेलेच तर तिथे जाऊन वायरीला टेस्टर लावून बघतात. उन्हाळा गेला, दुसरा आला, भिंत तापली, आठांतला एकही दिवा विझला नाही. त्या वायरीवर आता काहीच जोडलेलं नाही.

गेल्या महिन्यात सुनेचा फोन आला. आवाज स्वच्छ होता, शेजारी बसून बोलावं तसा. वर्ष झालं, बाबा, एकदाही कॉल तुटला नाही, ती म्हणाली. वरिष्ठ बाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, मी सांगितलं, वायर माझ्या सासऱ्यांनी टाकलीय. मग तिनं सांगितलं, की नातीचं नाव तिकडच्याच शाळेत पुढच्या वर्गात घातलंय आणि ऑफिसनं आता हाच पत्ता कायमचा लिहून घेतलाय.

"बरं झालं," काका म्हणाले.